तापल्या रुळातला गार जोड

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणारी नाही. नुसती मानत नाही एवढंच नाही — मानणाऱ्यांशी भर चौकात भांडणारी आहे. अकोल्यात जठारपेठेत उभं राहून पत्रकं वाटणारी एक पोरगी तुम्ही पाहिली असेल, आणि तिचं पत्रक पुढच्या पानटपरीपाशी चुरगाळून टाकलं असेल, तर ती मी. "नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडून ब्रेक सुधारतात का?" हे पत्रक माझं. "खिशातला कांदा ऊन शोषत नाही, पाणी प्या!" हेही माझंच. तेव्हा कमेंटमध्ये "ताई, तुम्हीसुद्धा?" असं लिहायला बोटं शिवशिवत असतील त्यांनी जरा दम धरावा. आधी पूर्ण वाचा, मग बोला.

लिहायचं कारण एकच. ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर भलत्याच रूपात फिरते आहे. माझ्या आईचा फोटो, मागे कुणीतरी चिकटवलेलं तेजोवलय, खाली "रूळमाय प्रसन्न, अकरा जणांना पाठवा". संताप येतो! त्यातलं अर्धं खोटं आहे. उरलेलं अर्धं खरं आहे... आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

जागा सांगते. बडनेऱ्याकडून अकोल्याकडे येताना मूर्तिजापूर मागे पडलं की काही अंतराने रूळ एक मोठं वळण घेतो. वळण संपताच छोटी मोरी, डावीकडे काळ्या रानाचा धुरा, म्हणजे बांध, धुऱ्यावर एकुलती एक बाभूळ. कपाशी निघाल्यावर तिथे आडोसा म्हणून जो काही आहे तो ह्या बाभळीचा, आणि बाभळीची सावली किती असते ते मी वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

माझी माय ह्या रुळावर ठेकेदाराच्या गँगमध्ये काम करते. खडी भरणं, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकणं, आणि उन्हाळ्यात गस्त. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, तो वकील घेऊन येतो.

आता गस्त कशासाठी, ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याला शाळेत शिकवलं की उन्हाळ्यात लोखंड वाढतं म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवतात. ते जुनं झालं. आता रूळ एकमेकांना वेल्ड करून टाकतात, मैलोन् मैल एकसंध. मग वाढलेलं लोखंड जातं कुठे? कुठेच नाही! तीच तर गंमत आहे. त्याला जाऊच देत नाहीत. स्लीपर धरून ठेवतात, स्लीपरला खडी धरून ठेवते, आणि रूळ जागच्या जागी दाबून राहतो. मे महिन्यात त्याला लांब व्हायचं असतं, होता येत नाही. थंडीत आखडायचं असतं, तेही जमत नाही. म्हणून वेल्ड करताना मधलं तापमान धरतात, म्हणजे दोन्हीकडचा ताण सोसवेल. पण खडी कुठे ढिली असली आणि ऊन वऱ्हाडाचं असलं, की रूळ साप वळावा तसा आडवा सरकतो. त्यावर गाडी आली तर काय होईल ते वेगळं सांगत नाही. म्हणून रूळ तापला की माणसाने चालत जाऊन बघायचं. रूळ जितका जास्त तापेल, तितक्या जास्त फेऱ्या. रुळाची एवढी काळजी! आणि चालणाऱ्या बाईला? एक बाटली पाणी, एक लाल झेंडी, एक हिरवी. सावली नाही, सोबत नाही. मी जिची पत्रकं वाटते त्या आमच्या संघटनेचं, ही गोष्ट घडली त्या वर्षीचं, सगळ्यात मोठं पत्रक ह्याच्यावर होतं.

हे सगळं मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं म्हणून समजून घेतलं, आणि ज्या दिवशी ह्या गोष्टीतला जोड केला त्या दिवशी धुऱ्यावर उभी राहून डोळ्यांनी पाहिलं. तो थंडीतला दिवस होता. वळणावरचा जुना जोड खराब निघाला होता, तो कापून नवा करायचा होता. गँगचे मुकादम रशीदचाचा, बाळापूरचे. वेल्डिंगच्या माणसांनी दोन टोकांमध्ये बोटभर फट ठेवली, भोवती वाळूचा साचा बसवला, वर भांडं ठेवलं. भांड्यात अॅल्युमिनियमची आणि लोखंडाच्या गंजाची भुकटी. पेटवली... आणि काय सांगू! भर दुपारी डोळे दिपले. भांड्यातून पांढरा जाळ उसळला, क्षणात लोखंड पाण्यासारखं पातळ होऊन साच्यात उतरलं. मी ओरडलेच — आनंदाने! विज्ञान असं दिसतं, महाराजा!

मग साचा फोडला. आत जोड लालबुंद. त्याला हळूहळू, आपला आपण गार होऊ द्यायचं असतं. गरम लोखंडावर पाणी पडलं तर ते ठिसूळ होतं. हे गँगमधल्या प्रत्येकाला सांगितलेलं असतं.

आणि माझ्या मायने काय केलं? कोणाचं लक्ष नाही असं बघून पदराआडून आपली प्यायची बाटली काढली आणि त्या लाल जोडावर ओतली. फस्स् करून वाफ!

"या अल्लाह!" रशीदचाचा धावले. "वैनी, ये क्या कर दिया तुमने?"

"बिचारं पोयलं ना भाऊ," माय म्हणाली. "इतकं तापलं, त्याले घोटभर पानी नाई पाजाचं?"

आमच्याकडे उन्हातून आलेल्याला, मग तो दारावरचा भिकारी असो की पोस्टमन, आधी पाणी, मग नाव-गाव. मायने तो नियम लोखंडाला लावला. मी धुऱ्यावरून उतरून सगळ्यांसमोर तिला झापलं. "माय, ते लोखंड आहे! त्याला तहान लागत नाही!" माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुन्हा तसं झालं तर पुन्हा झापीन.

मायची मैत्रीण कांतामावशी मात्र माझ्यावरच उखडली. "कावून बोंबलून राह्यली वं? मायनं पानीच पाजलं, इख नाई पाजलं."

यंत्राने तपासलं तेव्हा जोडात दोष दिसला नाही. तरी संशय म्हणून रेल्वेच्या साहेबांनी त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या आवळून घेतल्या आणि ठरवलं की उन्हाळा गेला की हा जोड कापून नवा करायचा. गँगने त्याचं नाव ठेवलं ओला जोड. मायला चिडवायला.

आता मे महिना.

त्या दिवशी मी गस्तीच्या वेळचं तापमान मोजायला गेले होते. पत्रकात नुसतं "फार ऊन" लिहिलं की लोक हसतात, आकडा लागतो. रुळाचा थर्मामीटर वेगळा असतो, खाली चुंबक, रुळाला चिकटवायचा. तो रशीदचाचांच्या झोळीत होता. बाभळीजवळ त्यांनी तो रुळाला लावून दाखवला तेव्हा काटा साठ अंशांच्या पुढे होता. हवेपेक्षा रूळ कितीतरी जास्त तापतो. त्या लोखंडावर हात ठेवला तर कातडी तिथेच राहील, इतकं.

माय आमच्या पुढे होती, एकटीच, मोरीकडे चाललेली. डोक्याला ओला दुपट्टा, आणि दुपट्ट्याच्या गाठीत कांदा. होय, माझ्या घरात, माझ्या पत्रकानंतर! मी त्यावरूनच चाचांशी बोलत होते, की माझी स्वतःची माय ऐकत नाही तिथे अकोलेकर काय ऐकणार.

"तेरी माय किसी के बाप की नहीं सुनती," चाचा म्हणाले, आणि एकदम थांबले. "बेटी... वैनी बैठ गयी क्या?"

माय बसली होती. पाहता पाहता एका अंगाला कलंडली. रुळावर.

धावलो! खडीवरून धावणं म्हणजे काय ते धावल्याशिवाय कळत नाही, दर पावलाला पाय मुरगळतो. धावतानाच चाचांचा फोन वाजला आणि त्यांचा चेहरा उतरला. मागच्या स्टेशनवरून मालगाडी सुटली होती.

"तू मायले उचल! मी गाडी थांबवतो!" झेंडी उघडत ते वळणाकडे पळाले. साठीला टेकलेला माणूस, पण असे पळाले!

मी मायपाशी पोचले. ती आडवी पडली होती, उजवा गाल रुळावर, उजवा पंजा रुळावर. बरोबर ओल्या जोडावर. माझ्या डोक्यात एकच आलं — गाल भाजून निघाला असेल. तिचं डोकं उचलायला मी रुळावर हात टेकला आणि किंचाळले. दोन बोटं पोळली होती.

आणि दोन बोटं... गार होती.

मी तुम्हाला काय सांगते आहे ते नीट वाचा. तर्जनी आणि मधलं बोट रुळावर पडलं तिथे चटका बसला. अनामिका आणि करंगळी मायच्या गालाजवळ पडली, तिथे रूळ गार होता. गार म्हणजे ऊन लागलं नाही असा नव्हे. नव्या माठाच्या पोटासारखा गार, आणि ओला! मायच्या गालाभोवती लोखंडावर बारीक बारीक थेंब धरले होते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतात तसे. वीतभर जागा. त्या पलीकडे दोन्हीकडे लोखंड नुसतं धगधगत होतं. लोखंडात उष्णता अशी भिंत घातल्यासारखी थांबत नाही, हो! हे मी शिकले आहे, शिकवण्यांमध्ये पोरांना शिकवते. एका टोकाला तापवलं की दुसरं टोक तापतं. थांबत नाही!

पण तेव्हा विचार करायला वेळ कुठे होता? मायच्या काखेत हात घालून तिला ओढलं, खडीवरून उतारावर घेतलं. जड झाली होती. अंग कोरडं, घाम नाही. "माय, ए माय!" काही नाही. माझी बाटली तिच्या डोक्यावर रिकामी केली.

वळणाच्या पलीकडे ब्रेकचा तो लांबलचक कर्कश आवाज झाला. मालगाडी थांबली. मला तेव्हा रडू फुटलं.

चाचा परत आले ते धापा टाकत, पाठोपाठ गाडीचा चालक पाण्याचा कॅन घेऊन. "बाई जिवंत आहेत ना? जिवंत आहेत ना?" तो एकच विचारत होता. पाणी ओतलं, दुपट्ट्याने वारा घातला. मायने डोळे उघडले, बंद केले. चाचांनी तिचा गाल बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"गाल को कुछ नहीं हुआ," ते म्हणाले. "बेटी, साठ के ऊपर है रूळ. गाल पे दाग नहीं?"

"चाचा, तिथे हात लावा," मी म्हणाले.

त्यांनी लावला. झटकन काढला. पुन्हा लावला. झोळीतून थर्मामीटर काढून जोडाच्या डोक्यावर चिकटवला, आणि आम्ही तिघं, मी, चाचा आणि तो अनोळखी चालक, भर उन्हात उकिडवे बसून काटा बघत राहिलो. काटा खाली आला. पार खाली, आपल्याकडे डिसेंबरात सकाळी असतो तिथवर. मग हळूच हलला आणि आमच्या डोळ्यांसमोर वर चढायला लागला. चढला, चढला... साठीला गेला. थेंब वाळून गेले. चालकाने हात जोडले आणि इंजिनाकडे निघून गेला.

मायला अकोल्याला आणलं. डॉक्टरांनी तिचं उतरलेलं तापमान बघून पहिला प्रश्न केला, "वाटेत बर्फ कोणी लावला? शाबास. नाहीतर हिला वाचवणं अवघड होतं."

बर्फ कोणीच लावला नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्या भाजलेल्या बोटांवर मलम लावलं आणि मला घोटभर पाणी प्यायला दिलं. त्यांना वाटलं मलाही ऊन लागलंय.

माय शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, काय झालं होतं.

"काई नाई वं. डोयापुढं अंधारी आली. मंग बरं वाटलं. असं वाटलं का कोनतरी गालाले हात लावून बसलं हाये."

"कोण?"

"मले काय मालूम? डोये मिटले होते ना माये."

दुसऱ्या दिवशी साहेब जागेवर आला. तरुण इंजिनिअर, बोलायला चांगला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उन्हात असे भास होतात मॅडम." बरोबर आहे. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, वर एक पत्रक दिलं असतं! पण तिघांना एकच भास? आणि थर्मामीटरला कसला भास?

मग चाचांनी त्याला जोडापाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. दोन्ही बाजूंच्या स्लीपरजवळची खडी सरकली होती. उन्हात रूळ ढकलतो, तसा एखादा स्लीपर सरकला तर समजू शकतं. पण इथे डावीकडचे स्लीपर उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, थोडे थोडे, जोडाच्या दिशेने ओढले गेले होते. लोखंड आखडल्यावर ओढतं तसं. कडाक्याच्या थंडीत होतं तसं. मे महिन्यात!

साहेबाने उकिडवं बसून दोन्हीकडची सरकलेली खडी चाचपली. "जमीन बसली असेल," म्हणाला.

"जमीन आडवी बसते का हो?" मी विचारलं.

तो उठून उभा राहिला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "हे कुठे छापू नका." कुणाला वाटेल दडपून टाकत होता. मला तसं वाटत नाही. तो घाबरला होता.

छापायचं नव्हतंच मला. पण कांतामावशीचं तोंड कोण धरणार? "पान्याची जान ठेवली त्यानं," ती गावभर सांगत सुटली. "मायनं पाजलं, त्यानं फेडलं." आठवड्यात ओल्या जोडावर हळद-कुंकू. मग नारळ. मग बाया तांबे भरभरून पाणी आणायला लागल्या, चालत्या रुळावर! मी तिथे उभी राहून एकेकीला हाकललं. "गाडीखाली जाल, अक्कल आहे का?" एका आजीने मला सांगितलं, "तुही माय वाचली आन तूच असं बोलतं?"

ह्याहून वाईट म्हणजे ठेकेदार. आम्ही मागण्या घेऊन गेलो, गस्तीला दोन माणसं, पाण्याचा कॅन, बाभळीपाशी ताडपत्रीची सावली. तो खुर्चीत मागे रेलून हसला. "कायची सावली पाहिजे आता? तुमच्या मायले तर रूळच गारवा देते!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या गोष्टीने माझी माय वाचवली, तीच गोष्ट तिच्या तोंडावर फेकून तिचं पाणी नाकारतात? संघटनेतले माझेच मित्र म्हणत होते, चमत्कार पत्रकात टाक, लोक जमतील. टाकला नाही. पत्रकात एवढंच लिहिलं की बाई उन्हाने पडली, मालगाडी तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबली, आणि तिच्याजवळ एक बाटली पाणी होतं. मग आम्ही सगळे, कांतामावशीसकट, त्याच्या दारात बसलो. उरलेल्या उन्हाळ्यापुरती दोघांची गस्त मिळाली. कांतामावशीचा घोषणेचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मला मान्य करावंच लागेल.

पाऊसपाणी झाल्यावर तो जोड कापला, ठरल्याप्रमाणे. नवा बसवला. चाचांनी कापलेल्या जोडातला वीतभर तुकडा मला आणून दिला, पिशवीतून, चोरासारखा. मी तो गच्चीवर उन्हात ठेवला. तापला. शेजारी साधा लोखंडी गज ठेवला. दोन्ही सारखेच तापले. त्यावर पाणी ओतलं, मायकडून ओतवलं, तिचा हात ठेवून पाहिला. काही नाही! लोखंड आहे ते. साधं लोखंड. कॉलेजच्या सरांना दाखवलं, ते म्हणाले वेल्ड उत्तम आहे. उत्तम! पाणी पडलेला वेल्ड!

भौतिकशास्त्रातलं जे जे सुचलं ते सगळं मी तपासून पाहिलं. सावली? नव्हती. थर्मामीटर बिघडला? चाचांनी त्याच दिवशी दुसरीकडे लावला, बरोबर दाखवत होता. माझी बोटं? दोन बोटांवर आजही पांढरट डाग आहेत आणि शेजारच्या दोनांवर नाहीत. तुमच्यापैकी कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर खरंच द्या. देव-बिव सोडून द्या. माझ्याकडे नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ठेकेदाराने पुन्हा एकेकटं पाठवायला सुरुवात केली आहे. आमचं भांडण चालू आहे. तोवर मी मायबरोबर जाते, ती रुळावरून, मी खालच्या धुऱ्यावरून, हातात पाण्याचा कॅन. डॉक्टर म्हणतात तिने उन्हात जाऊच नये. ती म्हणते, मग जाऊ कुठे?

आणि एक सांगते, हसलात तरी चालेल. काल वळणावर ती पाणी प्यायला थांबली तेव्हा मी वर चढले आणि जवळच्या वेल्डवर बोट टेकवलं. पोळलं. मोरीपाशी आणखी एक होता, तिथेही टेकवलं. तिथेही पोळलं.

"काय पाहून राह्यली वं?" मायने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तू पी आधी. सगळं पी."